बापूच्या ट्रंकेतली पीएफची स्लिप

१२ जानेवारी २०२४ ला दुपारच्या चहानंतर आमच्या एचआरमधल्या मुलीने मला बोलावून घेतलं. "सर, जुलैमध्ये तुम्हाला अठ्ठावन्न पूर्ण होतायत. पेन्शनचं आत्तापासून बघायला घ्या. यूएएनचं पोर्टल उघडून सर्व्हिस हिस्टरी एकदा नीट वाचा." मी हो म्हणालो आणि परत टूलरूममध्ये गेलो. छत्तीस वर्षं डाय आणि पंच यांच्यात काढलेल्या माणसाला पेन्शन हा शब्द तेव्हा दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

यूएएन म्हणजे पीएफ खातेदाराला मिळणारा एकच कायमचा नंबर. त्या रात्री माझ्या मुलीने लॅपटॉपवर माझं पीएफचं खातं उघडून दिलं. दोन गोष्टी दिसल्या. पहिली, जन्मतारीख. माझी ४ जुलै १९६६, तिथे होती ७ एप्रिल १९६६. कुणीतरी कधीतरी ४/७ चं ७/४ केलं होतं. दुसरी गोष्ट जास्त लागली. नोकरीची सुरुवात १९९६ पासून दाखवत होती. भोसरीतल्या कंपनीतली पहिली आठ वर्षं त्यात नव्हतीच.

ही म्हणाली, "अहो, ती आठ वर्षं गेली कुठे?" आमचं लग्न १९९३ चं. मोठा मुलगा त्याच वर्षांतला. भोसरीची ती भाड्याची खोली, रात्रपाळी, पहिलं गॅस कनेक्शन, सगळं त्या आठ वर्षांतलं. पडद्यावर मात्र त्याची एक ओळही नव्हती.

आमच्यासारख्या खाजगी कंपनीतल्या माणसाला जी पेन्शन मिळते ती १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली, म्हणजे ईपीएस ९५. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती लागू झाली. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती आणि त्यातली जुनी नोकरीही 'पास्ट सर्व्हिस' म्हणून मोजतात. मालकाच्या पीएफच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के या पेन्शन फंडात जातात. ढोबळ हिशेब असा की पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगाराला मर्यादा आहे. सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० आहे, त्याआधी ६,५०० होती, आणि दोन्ही काळांचा हिशेब वेगवेगळा धरतात. वीस वर्षं किंवा जास्त नोकरी झालेल्याला दोन वर्षं जादा धरून मिळतात. पूर्ण पगारावरच्या जादा पेन्शनचा पर्याय ११ जुलै २०२३ पर्यंत देता येत होता, तो मी दिला नव्हता. त्यामुळे रक्कम मोठी नसणार हे मला माहीत होतं. तरी ती आठ वर्षं सोडायची नाहीत असं मनाने घेतलं.

जन्मतारखेचं काम आधी हाती घेतलं. तेव्हा पोर्टलवरून जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे मी आणि कंपनी दोघांचं दुरुस्तीचं निवेदन, भरावं लागायचं, ते कंपनीकडे जायचं, कंपनीने मान्य केलं की पुढे पीएफ ऑफिसात. मी आधार जोडायला निघालो होतो, पण त्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, परिपत्रक निघालं होतं की जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार चालणार नाही. मग आईच्या पितळी डब्यातून शाळा सोडल्याचा दाखला काढला. आई जाऊन अकरा वर्षं झाली, डबा तसाच आहे. दाखल्यावर जन्मतारीख अक्षरी लिहिलेली असते, 'चार जुलै एकोणीसशे सहासष्ट', त्यामुळे आकड्यांच्या उलटापालटीचा प्रश्नच उरत नाही. स्कॅन करताना फाईलचा आकार मर्यादेत ठेवावा लागतो, नाहीतर ती चढत नाही. मुलीने ते केलं. सहा आठवड्यांनी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, तारीख दुरुस्त झाली.

राहिली आठ वर्षं.

ती कंपनी २००३ मध्ये बंद पडली. जागेवर आता गोडाऊन आहे. १९९६ मध्ये मी नाशिकला गेलो तेव्हा फॉर्म १३ भरून पीएफ बदलून घेतला होता. पैसे आले होते, मला नक्की आठवतं. पण पैशांबरोबर जुन्या नोकरीचा तपशील देणारा कागद येतो, त्याला अ‍ॅनेक्शर के म्हणतात. तो नव्या खात्यावर चढलाच नव्हता. माझ्याकडे नेमणुकीचं पत्र नव्हतं, जुना पीएफ नंबरही नव्हता. नाशिकहून २००५ मध्ये चाकणला येताना सामानाची एक पेटी पावसात भिजली, कागद त्यात गेले. हिच्या वडिलांचं आजारपण होतं म्हणून आम्ही नाशिकला गेलो होतो. हिला भाऊ नाही. नऊ वर्षं तिथे राहिलो, त्यांचं सगळं केलं आणि मग परत फिरलो. नोकरी बदलण्याची कारणं पगारात शोधतात लोक. माझ्या दोन्ही बदल्यांची कारणं घरातच होती आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

२७ मार्चला मी 'निधी आपके निकट' ला गेलो. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफचे अधिकारी जिल्ह्यात एका ठिकाणी बसतात आणि समोरासमोर ऐकून घेतात. हे फार जणांना माहीत नसतं. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "जुना खाते नंबर आणा. पगाराची पावती, पीएफची वार्षिक स्लिप, काहीही. नंबर मिळाला की रेकॉर्ड शोधता येतं. तुमच्याबरोबर लागलेलं कुणी असेल तर त्यांचा नंबर तरी आणा."

माझ्याबरोबर लागलेला एकच माणूस होता. बापू.

सांगलीच्या वालचंद कॉलेजात आम्ही १९८४ ते १९८८ होतो, दोघेही मेकॅनिकलला. हॉस्टेलमध्ये आमची सहा जणांची टोळी होती. मास्तर, जो पुढे खरोखरच मास्तर झाला आणि आता कोल्हापूरला असतो. नाना वीज मंडळात गेला. एक मस्कतला आहे, एक नाशिकला. रविवारी रात्री मेस बंद असायची. मग विश्रामबागेतून गावात जायचं, भडंग घ्यायचं आणि आयर्विन पुलावर उभं राहून कृष्णेकडे बघत खायचं. बापू सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्यांची जर्नल्स पूर्ण करून द्यायचा आणि स्वतःचं सकाळी वर्गाबाहेर बसून लिहायचा.

भोसरीच्या कंपनीने आम्हा दोघांना घेतलं. १ ऑगस्ट १९८८, सोमवार. एकाच टेबलापाशी उभे राहून आम्ही फॉर्म भरले. तो माझ्या पुढे होता, म्हणून त्याचा पीएफ नंबर आधी आणि माझा त्याच्या पुढचा. पहिला पगार १,४००. एकाच खोलीत पाच वर्षं राहिलो, एक एम-८० दोघांत. माझं लग्न ठरलं तेव्हा त्याने न सांगता दुसरी खोली बघितली.

१९९९ मध्ये त्याचे वडील गेले आणि तो नोकरी सोडून तासगावला द्राक्षबागेवर परत गेला. पुढे बेदाण्याची शेड टाकली. आम्ही वर्षातून एकदा तरी सगळे तिथे जमायचो. १७ मे २०२१ ला दुसऱ्या लाटेत तो गेला. आम्ही पाचही जण आपापल्या घरात अडकलेले होतो, एकालाही जाता आलं नाही. नंतर वहिनींना भेटून आलो, पण ती भेट फार अवघड होती. त्यानंतर फोन करायचो, जाणं मात्र झालं नव्हतं. तीन वर्षं होत आली होती. माझ्या कामासाठी म्हणून त्यांना फोन करायचा, हे मनाला पटेना. पंधरा दिवस मी नंबर लावला नाही. शेवटी मास्तर म्हणाला, "अरे, तू नाही गेलास तर त्यांना जास्त लागेल. मी येतो बरोबर."

२१ एप्रिलला रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही उभयतां निघालो. मास्तर कोल्हापूरहून परस्पर आला. तासगावात शिरलं की गणपतीचं ते दक्षिणेसारखं गोपुर लांबून दिसतं. बापू आम्हाला न्यायला नेहमी तिथेच यायचा. त्या दिवशी त्याचा मुलगा उभा होता.

बेदाण्याचा हंगाम शेवटाला आला होता. शेडमध्ये जाळ्यांवर माल वाळत होता. वहिनी तिथूनच हात धुऊन आल्या. जेवण झाल्यावर मी अडखळत विषय काढला. त्या म्हणाल्या, "भावजी, त्यांची ट्रंक आहे की. पोरांनी हात लावलेला नाही. तुम्हीच उघडा."

हिरवी पत्र्याची ट्रंक. हॉस्टेलच्या खाटेखाली असायची तीच. झाकणावर आतून पांढऱ्या रंगाने त्याने लिहिलेला खोली नंबर अजून वाचता येत होता. वर स्वेटर, त्याखाली वर्कशॉपचा खाकी अ‍ॅप्रन, एक व्हर्नियर, कापडात गुंडाळलेला. मग फायली. बागेची, बँकेची, मुलांच्या शाळेची. आणि दोरीने बांधलेली एक, 'कंपनी'.

त्यात त्याचं नेमणुकीचं पत्र होतं, दर वर्षाच्या पीएफच्या स्लिपा वर्षवार लावलेल्या होत्या. १९९५-९६ च्या स्लिपेमागे टाचणीने आणखी एक स्लिप अडकवलेली होती. मी ती उलटली. तिच्यावर माझं नाव होतं. मी नाशिकला गेल्यावर कंपनीत आली असणार. त्याने ती माझ्यासाठी घेऊन ठेवली होती. कोपऱ्यात पेन्सिलने, त्याच्या त्या उभ्या अक्षरात: 'याला देणे. भेटीत.'

अठ्ठावीस वर्षं. मधल्या काळात आम्ही कितीतरी वेळा भेटलो होतो आणि दर वेळी बोलण्यात ते राहून गेलं असणार. मी ती स्लिप हातात धरून बसलो. मास्तर उठून बाहेर शेडकडे गेला. वहिनींनी विचारलं, "मिळालं का जे हवं होतं?" मला बोलता आलं नाही, हिने मानेने हो म्हटलं.

पुढचं मास्तरच्या नजरेला पडलं. आत येऊन तो फाईल चाळत होता. सगळ्यात खाली एका प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद होता: स्कीम सर्टिफिकेट. सन २००० चं. बापूची नोकरी १९८८ ते १९९९, अकरा वर्षं.

दहा वर्षं किंवा जास्त पेन्शनपात्र नोकरी झालेली असली की पेन्शनचे पैसे काढून घेता येत नाहीत, त्याऐवजी हे सर्टिफिकेट देतात. म्हणजे तो माणूस नोकरी सोडून शेती करत असला, दुकान चालवत असला, तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला पेन्शन लागू होते. पन्नाशीनंतर कमी दराने घेता येते, वर्षाला ४ टक्के कापून. आणि तो आधीच गेला तर त्याच्या बायकोला मिळते. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून.

वहिनींना हे ठाऊक नव्हतं. आम्हालाही कुणाला सुचलं नव्हतं, आणि ती खंत मला अजून आहे. आम्ही पाच शिकलेले मित्र, त्यातला मी स्वतः पीएफचे फॉर्म भरून बसलेला. भेटीला गेलो तेव्हा 'काही लागलं तर सांगा' एवढंच म्हणालो होतो. काय लागतं हे त्यांना कसं कळणार? म्हणून वाचणाऱ्यांना कळकळीने सांगतो. तुमच्या ओळखीत कुणी दहा वर्षं कंपनीत काढून नंतर दुसऱ्या मार्गाला लागलं असेल, किंवा असं कुणी अकाली गेलं असेल, तर घरच्यांना स्कीम सर्टिफिकेटबद्दल आवर्जून विचारा.

त्या दिवसानंतर दोन कामं बरोबर चालली.

माझं सोपं झालं. स्लिपेची प्रत आणि बापूच्या नेमणूक पत्राची प्रत जोडून मी पीएफच्या तक्रार पोर्टलवर अर्ज टाकला आणि मे महिन्याच्या २७ तारखेला पुन्हा त्याच बाईंसमोर बसलो. स्लिप बघून त्या म्हणाल्या, "एवढी जुनी स्लिप नीट राहिली!" मी त्यांना ती कुठे राहिली होती ते सांगितलं. नंबरवरून जुनं खाते सापडलं आणि ३ जुलैला, अठ्ठावन्न पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, सर्व्हिस हिस्टरीत पहिली ओळ आली: ०१-०८-१९८८.

३१ जुलैला निवृत्त झालो. टूलरूमच्या पोरांनी मला मायक्रोमीटर दिला. पेन्शन मात्र अठ्ठावन्न पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात. फॉर्म १० डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरायच्या आधी ई-नॉमिनेशन (ऑनलाइन वारसनोंद) झालेलं असावं लागतं, नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो आणि बँक पासबुकावर नाव आधारशी जुळलेलं लागतं. फोटोला आम्ही चाकणच्या स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, "जरा जवळ या." लग्नानंतर एवढ्या वर्षांत दोघांचाच असा फोटो आम्ही काढलेला नव्हता, मुलं कायम मध्ये असायची. आठ प्रतींचे १६० रुपये झाले. तीन प्रती फॉर्मसाठी लागल्या, एक हिने पाकिटात ठेवली. ५ ऑगस्टला फॉर्म भरला, १९ सप्टेंबरला पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, नंबर आला, १ ऑक्टोबरला जुलैपासूनची थकबाकी धरून पहिली पेन्शन. महिना पावणेपाच हजारांच्या आसपास.

वहिनींच्या कामाला वेळ लागला. बापूला यूएएन नव्हता, ती पद्धत त्याने नोकरी सोडल्यानंतर खूप वर्षांनी आली. त्यामुळे सगळं कागदावर. फॉर्म १० डी, मूळ स्कीम सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक. कंपनी बंद असली की मालकाच्या सहीऐवजी बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही शिक्क्यासह चालते. ते नानाने जमवलं, मस्कतवाला दर रविवारी फोनवर 'कुठवर आलं' विचारायचा. २४ जूनला अर्ज दिला.

ऑगस्टमध्ये तो परत आला. सर्टिफिकेटवर कुटुंबाच्या तपशिलात वहिनींचं नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलं होतं, आधारवर वेगळं. हे आम्ही आधी बघायला हवं होतं. 'एक आणि तीच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र शंभराच्या स्टँपवर केलं, नोटरीचे ३०० गेले. त्या वेळी आणखी एक गोष्ट कळली. बापू गेला तेव्हा धाकटी चोवीस वर्षांची होती. मुलांना पंचविसाव्या वर्षापर्यंत वेगळी पेन्शन असते, म्हणून तिचाही फोटो आणि जन्माचा दाखला जोडला. २ सप्टेंबरला पुन्हा दिला. दिवाळी गेली, नाताळ गेला. दर वेळी मी फोन केला की वहिनीच मला धीर द्यायच्या, "येईल हो भावजी, बाग पण छाटल्यावर लगेच धरत नाही."

मूळ सर्टिफिकेट देताना त्याच्या दोन रंगीत प्रती काढून ठेवा आणि अर्जाच्या पोचवर शिक्का मारून घ्या. आम्हाला ती पोच दोन वेळा दाखवावी लागली.

३ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी वहिनींचा फोन आला. बँकेतूनच. पासबुक भरून घेतलं होतं आणि त्या ओळ वाचून दाखवत होत्या, आकडा आधी सुटा सुटा, मग एकत्र. ४४ महिन्यांची थकबाकी, अठ्ठेचाळीस हजारांच्या जवळ. महिन्याला हजाराच्या थोडं वर. "मोठी रक्कम नाही भावजी," त्या म्हणाल्या, "पण ह्यांच्या नावाची आहे." मागे बँकेतला टोकनचा आवाज येत होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मीही फोन ठेवला नाही.

मार्चमध्ये आम्ही पाचही जण तासगावला गेलो. मस्कतवाला सुट्टी काढून आला होता. माझी स्लिप मी परत नेली होती, कारण ती त्या फाईलमधली आहे असं मला वाटत होतं. वहिनी नको म्हणाल्या. "त्यावर 'याला देणे' लिहिलंय ना, मग तुमचीच." मग त्यांनी स्वतःच्या पीपीओची प्रत आणली, पाकिटात सर्टिफिकेटच्या जागी सरकवली आणि फाईल बांधायला घेतली. जुनी दोरी हातातच तुटली. त्यांनी पोराला हाक मारली, त्याने शेडमधून सुतळी आणली, तिने फाईल बांधून त्यांनी ती ट्रंकेत अ‍ॅप्रनखाली ठेवली.